जाळीबाहेर अंथरलेली घोंगडी

“हाय.”

काठीचे टोक खांद्याला हलकेच टेकायचे आणि मामा म्हणायचे, “हाय.” मग पुढच्या खांद्याला. “हाय.” नदीकाठच्या वाटेवर विसाव्याला बसलो की एकदा आणि विसाव्यावरून उठलो की पुन्हा एकदा. आम्ही दहा-अकराजणी ओळीने उभ्या असायचो. कुणाच्या पाठीवर पिशवी, कुणाच्या डोक्यावरून ओला रुमाल. आणि पन्नाशीचा, उन्हाने रापलेला हा माणूस मुंडासे सावरत आमच्यामधून असा फिरायचा, जणू आम्ही नुकत्याच पाणी पिऊन काठावर आलेल्या मेंढ्या आहोत.

शेवटच्या खांद्यावरून उचललेली काठी मात्र लगेच खाली यायची नाही. क्षणभर ती हवेतच थांबायची, आणखी एक खांदा शोधत असल्यासारखी. मग मामा मागच्या वाटेकडे एकदा पाहायचे आणि चालू लागायचे.

“मामा, आता कोण राहिलं?” भूगोलाच्या बाई विचारायच्या. त्यांची जीभ तिखट होती आणि तळपाय नाजूक, त्यामुळे त्या वाटभर बोलत असत.

“कुनी न्हाई. चला.”

“एक, दोन, तीन असं नीट मोजा की. उगाच आमचे खांदे कशाला बडवता?”

“मोजलं का आकडा ध्यानात ऱ्हातो बाई, मेंढरू ऱ्हात न्हाई.”

यावर आम्ही खूप हसलो होतो. तुमच्याही पाहण्यात अशी माणसे आली असतील, ज्यांच्या एखाद्या लकबीवर आपण वर्षानुवर्षे हसतो, आणि मग एके दिवशी त्या लकबीखाली काय पुरलेले आहे ते कळते. त्यानंतर आपले जुने हसू आपल्यालाच ऐकू येत राहते.

मामा आमच्या घोडेगावच्या कॉलेजात माळी होते. मी तिथे मराठी शिकवत असे. नव्वदचे दशक संपत आले होते. दर मे महिन्यात उत्तरपत्रिका तपासून झाल्या की आम्ही काही शिक्षिका आणि काही विद्यार्थिनी घोड नदीच्या काठाने उगमाकडे चालत जायचो. घोडेगावातून निघायचे, डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालायचा आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, अभयारण्याची हद्द जिथे नदीला येऊन भिडते तिथल्या डोहावर पोहोचायचे. शेकरू दिसले तर पाहायचे, पाण्यात पाय सोडून बसायचे, आणि चौथ्या दिवशी एसटीने परतायचे. प्राचार्यांची अट एकच होती: सोबत एक जबाबदार पुरुष माणूस हवा. नदीची वाट ठाऊक असलेला पुरुष कॉलेजात एकच होता.

मामांचे अर्धे आयुष्य मेंढरांमागे गेले होते. ओझरपासून पिंपरी पेंढारपर्यंत कुठल्या शेतकऱ्याच्या रानात कुठल्या महिन्यात कळप बसवायचा, हे त्यांना तोंडपाठ होते. मेंढरे रानात बसली की लेंड्यांचे खत व्हायचे आणि त्याबद्दल शेतकरी धान्य द्यायचा. ते आमच्याबरोबर पहिल्यांदा आले त्याच्या आदल्या वर्षी मामांनी सगळा कळप विकला आणि ते आमच्या बागेत आले. कारण कुणी विचारले नाही. तेव्हा बरेचजण मेंढरे विकत होते. पाटाचे पाणी आले होते, माळ उसाखाली चालले होते, चराईला रान उरत नव्हते. एवढे कारण आम्हाला पुरेसे वाटले.

पहिल्या वर्षीची ती वाट मला वासांनी आठवते. मे महिन्यात घोड नदी म्हणजे काळ्या खडकांची रांग आणि मधूनमधून उरलेले डोह. तापलेल्या खडकाला शेवाळाचा वास येई. करंजाखाली बारीक पाकळ्यांचा सडा, त्यावरून चालताना पावलांचा आवाज विरून जाई. धरणाच्या वरच्या अंगाला पाणी मागे हटलेले आणि गाळाला भेगा. त्या भेगांमधून एक थंडगार, बंद खोलीसारखा वास वर येत असे. पुढे डोंगराकडे अंगणा-अंगणांत हिरडा वाळत घातलेला. त्याचा तुरटपणा श्वासाबरोबर थेट जिभेवर उतरायचा.

पहिल्या मुक्कामाला, नदीकाठच्या एका मोकळ्या शेतात, ऊन कलल्यावर मामांनी खांद्यावरचे बोचके सोडले. आम्हाला वाटले होते, त्यात अंथरूण असेल. निघाली ती सुतळीची भलीमोठी जाळी. मेंढरांभोवती मेखा ठोकून लावतात ती. धनगर तिला वाघूर म्हणतात. मामांनी मेखा ठोकल्या, जाळी ताणली आणि आम्हाला आत जायची खूण केली.

“मामा, आम्ही काय मेंढरं आहोत?” भूगोलाच्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

“मेंढरं बरी. सांगितल्यालं ऐकत्यात.”

“आणि तुम्ही?”

“म्या भाईर.”

सुशिक्षित बायकांचा तो कळप हसत, खिदळत, एकमेकींना बें-बें करत जाळीत शिरला. जाळीला लोकरीचा, लेंड्यांचा, वर्षानुवर्षांच्या उन्हाचा वास होता. उजाडताना मला जाग आली तेव्हा मामा बाहेर घोंगडीवर ताठ बसलेले होते. घोंगडीवर एकही सुरकुती नव्हती.

दुसऱ्या दिवशी विसाव्याला काठी फिरू लागली आणि मध्येच थांबली. “पिवळ्या वढनीची न्हाई,” मामा म्हणाले. पिवळी ओढणी सुनंदाची. आमच्यातली सर्वांत लहान, अकरावीतली. भूगोलाच्या बाईंनी बोटांनी मोजायला सुरुवात केली, तोवर मामा काठी टाकून मागच्या वाटेने पळत सुटले होते. मी त्यांच्यामागे गेले. सुनंदा वळणापलीकडे करवंदांच्या जाळीपाशी बसली होती. ओठ जांभळे, ओंजळ भरलेली.

“मामा, घ्या ना, गोड आहेत,” ती म्हणाली.

मामा तिला एक शब्दही रागावले नाहीत. त्यांनी ओंजळीतले एक करवंद उचलले, तिला पुढे जायला सांगितले आणि ते करंजाच्या बुंध्याशी मटकन खाली बसले. मला वाटले, धावल्यामुळे. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती नुसती हातात धरून ठेवली.

“धाकली आशीच मागं ऱ्हायची,” ते म्हणाले. “करवंदं, न्हाईतर बोरं. पाच वर्साची व्हती.”

पुढचे त्यांनी नदीकडे पाहत सांगितले. एखाद्याला रस्ता सांगावा तितक्या सपाट आवाजात.

“जुन्नरकडं एका बागाईतदाराच्या रानात मेंढरं बसवली व्हती. शेजारी ऊस. बायकू थोरलीच्या बाळंतपनाला गावाकडं गेल्याली. मी आन धाकली, दोगंच. मेंढरं वाघरीत, आमी भाईर. आमचं आसंच आस्तं बाई. लांडगा येतो त्यो मेंढरावर येतो, मानसाला शिवत न्हाई. लेकराला वाघरीत कोन निजवतं? मेंढरं तुडवत्याल तिला.” हातातले करवंद त्यांनी खाली, करंजाच्या पाकळ्यांवर ठेवले. “रातच्याला कुत्री भुकली. म्या उठलो. मेंढरांवर काठी फिरवली. हाय, हाय, हाय. समदी व्हती. येक बी कमी न्हवतं. म्हनलं, बरं झालं. पुन्ना आडवा झालो.”

बाटली माझ्याकडे परत देत ते म्हणाले, “पहाटं घोंगडं मोकळं.”

उसात राहणाऱ्या बिबट्यांच्या बातम्या जुन्नरच्या बाजूने तेव्हा नुकत्याच येऊ लागल्या होत्या. लांडग्याशी पिढ्यान्‌पिढ्या जमलेला हिशेब घेऊन मामांसारखी माणसे त्याच जुन्या रानांत जात होती. रानांत आता दुसरेच कुणी राहायला आले आहे, हे त्यांना कोण सांगणार?

मी गप्प राहायला हवे होते. पण शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. समोरचे मौन सोसवले नाही की त्यात काहीतरी टाकायचे. मी विचारले, “पिंजरा लावून पकडला ना त्याला?”

“पकडला. गाडीत घालून न्हेला.”

“मग इकडेच आणून सोडला असेल. आपण चाललोय त्या अभयारण्यात. पकडलेले बिबटे इथे आणून सोडतात, असं पेपरात वाचलंय मी.”

मामांनी प्रथमच माझ्याकडे वळून पाहिले. “हितं? ह्या नदीवर?”

“हो.”

“म्हंजी त्यो हाय.”

काय सांगितले मी? अर्धवट वाचलेल्या बातमीचे एक वाक्य, आणि त्याला माझ्या आवाजाने दिलेली खात्री. मामा उठले. तिथून पुढे त्यांची चाल बदलली. तिसऱ्या दिवशी दुपारी डोहावर पोहोचल्यावर त्यांनी वहाणा काढल्या, मुंडासे उतरवून मांडीवर ठेवले आणि पलीकडच्या झाडीकडे तोंड करून ते बसून राहिले. देवळात बसतात तसे. आमच्या मुली पाण्यात ओरडत होत्या, शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेपावत होते, त्याची लांब तांबूस शेपटी उन्हात पेटल्यासारखी दिसत होती. मामांनी एकदाही वर पाहिले नाही.

मी जवळ जाऊन हळूच विचारले, “दिसला, तर काय कराल?”

“काय न्हाई. त्यानं मला बगावं.”

“म्हणजे?”

“त्या राती त्यानं मला न बगता न्हेलं. मी हातभर लांब व्हतो, बाई. येकदा बगावं माज्याकडं. कुनाचं न्हेलं, त्ये कळू दी त्याला.”

त्या वर्षी काही दिसले नाही. पण त्यानंतरच्या वर्षभरात मामा आम्हाला निराळेच दिसले. बागेत त्यांनी गुलाबाच्या वाफ्यांना नवी आळी केली, ग्रंथालयाच्या भिंतीलगत जाई लावली. फेब्रुवारीतच मला गाठून त्यांनी विचारले, “आवंदा कवा निगायचं?” दुसऱ्या मे महिन्यात ते डोहावर पोहोचताच आधी अंघोळ करून आले, पिशवीतून इस्त्री केलेला सदरा काढून त्यांनी अंगात घातला आणि मग ते झाडीसमोर बसले.

त्याच दुपारी मी तिथल्या वनरक्षकाशी बोलले. शांत, मितभाषी तरुण होता. मला वाटले, त्याच्याकडून खूण कळावी, वाट कळावी. मामांना एकदा तरी काही दिसावे.

“माणसावर गेलेलं जनावर परत जंगलात सोडत नाहीत, मॅडम,” तो म्हणाला. “आणि तुम्ही म्हणताय तो बिबट्या मला आठवतोय. चार दिवसांत गेला तो. पिंजऱ्याच्या गजांवर डोकं आपटून घेतलं होतं त्यानं.”

डोहाच्या काठावर मामांचा पांढरा सदरा दिसत होता. मी वनरक्षकाला विनंती केली, यांना सांगू नका. तो बरे म्हणाला. आणि मी परत येऊन मामांच्या शेजारी बसले, गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला आणि काही बोलले नाही. ती दया होती, असे मी स्वतःला सांगत आले. खरे तर माझ्याच तोंडून गेलेले खोटे परत घेण्याचे धैर्य मला झाले नाही. एकदा बोललेच होते आणि त्यातून हा माणूस असा ताठ बसला होता. दुसऱ्यांदा बोलून त्याला कुठे बसवणार होते मी?

तिसऱ्या वर्षी वनरक्षक नवा होता. त्याला मी काही सांगितलेले नव्हते. ते मला सुचलेच नाही. सुनंदाही त्या वर्षी नव्हती, तिचे लग्न ठरले होते. डोहावर पोहोचल्यावर मी मुलींच्या पायांचे फोड पाहत बसले होते, तेवढ्यात त्याचा आवाज कानावर आला.

“काय पावणं, कुनाची वाट बगताय?”

मामांनी त्याला सांगितले. जितके मला सांगितले होते तितकेच, तसेच. मी उठेपर्यंत उशीर झाला होता. तो पोरगा मायेने मामांच्या पुढ्यात उकिडवा बसला, त्यांच्या गुडघ्यावर त्याने हात ठेवला.

“आवो मामा, त्यो जुन्नरचा? त्यो कवाच मेला. पिंजऱ्यातच. आमच्यात समद्यांना ठावं हाय. त्यो न्हाई यायचा आता हितं, तुमी बिलकूल भिऊ नगा.”

भिऊ नका. त्याला वाटले होते, म्हातारा भेदरून झाडीकडे पाहतो आहे. माझ्यासारखेच त्यालाही धीर द्यायचा होता.

पाण्यावर एक पान गोल फिरत होते. मग मामांनी मुंडासे बांधले, वहाणा पायात घातल्या, आणि कुणालाच उद्देशून न बोलता विचारले, “मंग येवढी वर्सं म्या कुनाम्होरं बसत व्हतो?”

नंतर माझ्याकडे पाहिले. “बाई, तुमाला ठावं व्हतं?”

“हो.”

“कवापास्नं?”

“मागच्या वर्षीपासून.”

त्यांनी मान हलवली. “आन येऊ दिलं मला,” ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी जाळी लावली. एकेक मेख हलवून पाहिली, एक सैल होती ती पुन्हा ठोकली. आम्ही आत गेलो. काठी मात्र फिरली नाही. सकाळी एसटीत चढताना भूगोलाच्या बाई दारातच अडून उभ्या राहिल्या. त्यांना काही ठाऊक नव्हते. “मामा, आज आम्हाला बघायचं राहिलं की!”

“हायेत की समद्या,” मामा म्हणाले. ते नदीकडे पाहत होते.

पावसाळ्यात त्यांनी नोकरी सोडली. मला ते भेटले नाहीत. श्रावणात त्यांची बायको कॉलेजात आली, खांद्यावर ते बोचके घेऊन. किडकिडीत, थकलेली बाई. व्हरांड्यात ती उभीच राहिली, बाकावर बसेना.

“ही वाघूर तुमच्या पोरींसाठी ठिवलीया त्यांनी.”

“आणि मामा?”

“दुसऱ्याच्या मेंढरांमागं गेले. रोजानं. जुन्नरकडंच.” तिने पदराने ओले तोंड पुसले. “म्या म्हनलं, आता ह्या वयात कशाला? त्यो तर मेला म्हनत्यात. तर म्हनले, ऊस हाय म्हंजी दुसरा आसंल की.”

“तुम्ही अडवलं नाही?”

“आडवलं व्हतं,” ती म्हणाली. “म्हनलं, मी बी हाय की घरात. मला बगा.”

पुढच्या मे महिन्यात आम्ही एकदा गेलो. पहिल्या मुक्कामाला जाळी सोडली. मेखा तिरक्या बसल्या, सुतळीचा गुंता झाला, एका बाजूने जाळी लोंबत राहिली. मुली आधी हसल्या, मग कंटाळल्या. भूगोलाच्या बाईंनी “एक, दोन, तीन” करत सगळ्यांना मोजले. आकडा बरोबर आला. डोहापर्यंत कुणी गेलेच नाही. धरणापाशीच सगळ्यांना परतावेसे वाटले. त्यानंतर ती वाट आमच्याकडून सुटली ती सुटलीच.

आणखी दोन वर्षांनी ओझरच्या एका लग्नाहून मी एसटीने परतत होते. मावळतीची वेळ होती. बस एका वळणावर बैलगाडीमागे अडकून थांबली. खिडकीतून कापलेले एक रान दिसले, आणि त्याला लागून उंच, दाट, हिरवाकाळा ऊस. रानात मेंढरे बसवलेली होती. धुळीला ऊन लागून सगळे पिवळे झाले होते. दोघा-तिघांची जाळी ताणून झाली होती, चूल पेटली होती, माणसे रस्त्याच्या बाजूला, चुलीजवळ टेकली होती.

एकजण मात्र पलीकडे गेला. जाळी आणि ऊस यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत त्याने घोंगडी अंथरली. हाताने तिच्या सुरकुत्या काढल्या. चेहरा दिसत नव्हता, अंतर बरेच होते, आणि मुंडासे तर त्या बाजूला सगळेच बांधतात. मग तो काठी घेऊन जाळीपाशी आला आणि मेंढरांच्या पाठींवरून ती काठी फिरू लागली. सावकाश, एकेका पाठीला टेकत.

मी बसच्या दांड्याला धरून उठले. “उतरायचंय का, बाई?” कंडक्टरने विचारले. मी उभीच होते. हाक तरी काय मारणार होते मी? खांदा पुढे करून काय सांगणार होते?

“न्हाई ना? मग बसा खाली.” त्याने घंटी ओढली. बैलगाडी बाजूला झाली.

शेवटच्या मेंढराच्या पाठीवरून काठी उचलली गेली आणि हवेत थांबली. तो मागे वळला आणि उसाकडे तोंड करून उभा राहिला. बस वळेपर्यंत ती काठी खाली आलेली मला दिसली नाही.